गोडं पाणी

मिंडेलोच्या बंदरात नांगरानं तळ धरला
तेव्हा टाकीत अकरा लिटर उरलं होतं
आणि चादरी अशा खारावलेल्या
की घडी घालताना कागदासारख्या वाजायच्या.

यादी जुन्या नकाशाच्या पाठीवर, पेन्सिलीनं:
गॅस. धुणं. अंघोळ. लिंबं.
पंपाचं रबर, जुनं सोबत नेणे.
आणि खाली यॉरिसच्या तिरक्या अक्षरात:
पाव, आजचा.

तो पंपाशी भांडत बोटीवरच राहिला.
मी वल्ही मारली, मध्ये सिलिंडर,
दोन्ही बाजूंना धुण्याची गाठोडी.
धक्क्यावर पाय टेकला आणि जमीन झुलू लागली.
नऊ दिवसांची सवय पायांतून उतरेना.
दिव्याचा खांब धरून उभी राहिले.
दप्तर पाठीला लावलेला एक मुलगा थांबला,
खांबाकडे नीट बघून म्हणाला,
नाही हलत.

गॅस पेट्रोल पंपावर मिळेल म्हणाले.
पेट्रोल पंपावर म्हणाले, आदेरितो.
आदेरितो न्हाव्याकडे, अर्ध्या दाढीत.
फेस तसाच ठेवून त्यानं सिलिंडरच्या तोंडात बोट घातलं,
फिरवलं, हसला.
आटे उलटे. दुसऱ्या खंडाचे.
गुरुवारी ये.
गुरुवारी किती वाजता?
गुरुवार झाल्यावर.

अंघोळीला नाणं टाकायचं, चार मिनिटांचं.
तिसऱ्यालाच नळ घसा खाकरून गप्प झाला.
डोक्यावर साबण, डोळे मिटलेले,
हातानं भिंत चाचपत मी दुसरं नाणं शोधत होते
जे कपड्यांच्या खिशात होतं,
दाराबाहेर.

इदालिना मासळी बाजाराच्या मागे,
तीन पायऱ्या उतरून.
तिनं चादरीचा कोपरा चिमटीत चोळला,
बोटाला लागलेलं मीठ मला दाखवलं.
माझं पाणी तिनं तिथंच जोखलं.
अर्धं पोर्तुगीजमध्ये, अर्धं बोटांनी विचारलं,
माणशी किती?
चार लिटर. पिण्यासकट.
ती थांबली. हात पदराशी नव्हे, मांडीशी पुसले,
आणि स्टूल माझ्याकडे सरकवलं.

तिच्या छपरावर निळं पिंप.
नळाला पाणी पाळीनं येतं,
गावाच्या कडेच्या कारखान्यात समुद्राचंच गोडं केलेलं,
म्हणून महाग.
शेवटच्या खळबळीचं पाणी उद्याच्या पहिल्या धुण्याला,
ते मग पायऱ्यांना,
पायऱ्यांचं डब्यातल्या पपईला.
पपईला अजून फळ नाही. पण हट्ट आहे, म्हणाली.
मी सांगितलं: बटाटे उकडताना तिसरा हिस्सा समुद्राचा,
ताटं बाहेरच्या पाण्यात, चमचे मात्र आतल्या,
दात घासायला एक घोट, तोही मोजून.
लोणच्याच्या मिठाचं प्रमाण सांगावं
तसं आम्ही एकमेकींना सांगत राहिलो,
आणि तिचं यंत्र मध्येच थांबलं
ते दोघींनाही कळलं नाही.

कॅन भरून दिला तिनं, रेघेपर्यंत.
मी वाकून पाहिलं, तिनंही वाकून पाहिलं.
पैसे घेतले, पुन्हा मोजले.
मला फार बरं वाटलं.
फुकट दिलं असतं
तर रात्रभर ते पाणी पिता आलं नसतं.

संध्याकाळी चादरी छपरावरून उतरल्या,
वाळवंटाकडून येणाऱ्या वाऱ्याची तांबूस धूळ
शिवणीत घेऊन. मऊ.
मी वास घेत होते, तिनं पाहिलं, दुसरीकडे पाहिलं.

परतताना खाडीत वारा उठला.
डिंगीच्या नाकावरून लाट आत आली.
गाठोडं आणि लाट यांच्यामध्ये मी पाठ घातली.
विचार केला नव्हता, पाठ आपोआप गेली.
पाव पायापाशी होता.

यॉरिसनं भिजका पाव दोन्ही हातांत धरला,
चावला, चघळला,
मीठ बरोबर आहे म्हणाला.

रात्री झोप येईना.
कूस बदलली तरी चादर काहीच बोलत नव्हती.
पलीकडे काळोखात कॅन भरलेला होता.
गुरुवार अजून झालेला नव्हता.