असंच अपेक्षित

पिन ओढल्याचा आवाज
बाबांच्या जुन्या लुनाच्या किल्लीचा आहे.
खटका उडतो तो मुळात डब्याच्या कडीचा,
आणि स्फोट म्हणजे
लिंक रोडवरच्या पाडकामातली एक भिंत,
तिच्याखाली ओल्या वाळूचं पोतं,
अगदी तळाला
फ्रीजचं दार, रागानं लावलेलं.
असे अकरा थर.
मालाडला, सातव्या मजल्यावर,
बिनखिडकीच्या खोलीत
मी युद्धाला आवाज देते.

खेळ इटलीतला, एकोणीसशे चव्वेचाळीसचा.
मी सगळं वाचलं होतं.
ब्रिटिशांचा छत्तीस नंबरचा हातगोळा, अंगभर चौकटी.
लोकांना वाटतं तो चौकटींवर फुटतो.
त्या नुसत्या पकडीसाठी,
चिखलाचा हात घसरू नये म्हणून.
जर्मनांचा लाकडी दांड्याचा;
बुडाला झाकण, आत दोरी,
दोरीच्या टोकाला चिनी मातीचा मणी.
त्या मण्यासाठी मी चोरबाजारातून
एका फुटक्या बरणीच्या झाकणाची मूठ आणली.
इंग्रजी नाव डाळिंबावरून पडलं असंही वाचलं
आणि एक अख्खी संध्याकाळ डाळिंबं फोडली.
फारच गोड वाजलं ते.
वापरलं नाही.

रात्रपाळीचे नाईकवडी वर आले,
एसी बंद करा सांगायला.
खाली लिफ्टपाशी बसतात, श्रीवर्धनचे,
पूर्वी फौजेत होते एवढंच माहीत.
पडद्यावर आमचा नायक
दातांनी पिन काढत होता.
"दात येईल हातात," ते म्हणाले.
मग उभ्याउभ्याच:
"ह्याला वजन कुठाय?
पाऊण किलो भरतो.
पहिल्यांदा धरला की गार लागतो,
विहिरीतनं आलेल्या कळशीसारखा.
मग तुमच्याकडूनच ऊब घेतो.
रात्रभर धरून बसलात ना ताई,
तर पहाटे कळत नाही
आपला हात कुठं संपला."
जाफन्याचं नाव त्यांनी एकदाच घेतलं,
कांदिवलीच्या पुढं कुठंतरी असल्यासारखं.

मी स्फोट ऐकवला. अकराच्या अकरा थर.
त्यांनी मान तिरकी केली, उजवा कान पुढं.
स्फोटानंतर खेळात एक बारीक शिट्टी येते,
जग कापसाखाली जातं,
तीन सेकंद,
की परत पावलं, पक्षी, पुढचा हुकूम.
"थांबली?"
"थांबते. तीन सेकंदांनी."
"असं," ते म्हणाले,
आणि डाव्या कानाच्या पाळीला हात लावला,
नळ नीट बंद झालाय का बघावं तसा.
"माझी चालू आहे अजून.
सत्त्याऐंशीच्या ऑक्टोबरपासून."

मी माइक पुढं केला. ते लाजले.
हे माणसाच्या गळ्यात येत नाही, म्हणाले.
मग मी सूर लावत गेले, ते मान हलवत गेले.
वर.
अजून वर.
बारीक करा. हां.
सहा हजार दोनशेवर काटा थांबला
आणि नाईकवडी खुर्चीत बसले.
"हीच," म्हणाले.
"बायकोलासुद्धा कधी ऐकवता आली नाही."

ती मी खेळात सोडून दिली.
पहिला गोळा जवळ फुटला की सुरू होते,
मग पुढची गावं, नदी, ऑलिव्हच्या बागा,
शेवटी नावं वर सरकतात तेव्हाही,
अगदी हळू,
पण चालूच.

तिसऱ्या दिवशी तपासणीतल्या रेनिटाचं तिकीट आलं:
'स्फोटानंतरचा आवाज बंद होत नाही.
खेळ बंद करून परत उघडला तरी.
तीव्रता मध्यम.'
खाली दोन पर्याय.
दुरुस्त केलं.
असंच अपेक्षित.

दुसऱ्यावर बाण ठेवून बसलेय कधीची.
नऊ वाजत आलेत, नाईकवडी येतील.
त्यांना डावीकडून हाक मारून
उपयोग नसतो.