अनोळखी : एकतीस टक्के

अठ्ठावीस वर्षं दुधाच्या कारखान्यात
पाइप धुणाऱ्या पाळीचा मी मुकादम होतो.
आधी कॉस्टिक, मग ॲसिड, मग वाफ,
आणि शेवटी कापसाचा बोळा फिरवून बघायचं
काही जिवंत राहिलं नाही ना.
राहिलं असेल तर पुन्हा कॉस्टिक.
निरोपाच्या दिवशी घड्याळ देताना म्हणाले,
ओरेस्ट, तुझ्या पाळीत एकदाही दूध नासलं नाही.

टाकीही मी तशीच मांडली.
विनिपेगमध्ये, तळघरात,
जिथून सगळ्यात जवळचा समुद्र म्हणजे हडसनचा उपसागर
आणि तोही बहुतेक वेळ गोठलेला.
दगड ब्लीचमध्ये बुडवून वाळवलेले, हाडांसारखे पांढरे.
पाणी गाळून गाळून कोरं केलेलं. मीठ बादलीतलं.
वर निळा दिवा, खाली दोन क्लाउनफिश
आणि अंगठ्याएवढं एक प्रवाळ,
ज्याची खरी किंमत बायकोला अजून माहीत नाही.

सहाव्या आठवड्यात तपकिरी शेंबूड आला.
दुसरा शब्द नाही त्याला.
दिवा लागला की वाळूवर चढायचा,
बुडबुडे धरून लोंबायचा,
रात्री गायब, सकाळी परत हजर.
गोगलगायी उताण्या पडल्या.
मी मला येतं तेच केलं :
घासलं, उपसलं, पाणी बदललं.
जितकं धुतलं तितकं ते माजलं.

मग तपासणीची पेटी मागवली.
सिरिंजमध्ये पाणी ओढायचं
आणि नाण्याएवढ्या गाळणीतून ढकलायचं, अंगठा दुखेपर्यंत.
मग दगडावरून बोळा.
मनगटाला आपोआप आठवलं :
डावीकडून उजवीकडे, न उचलता, दहा वेळा.
फक्त या खेपेला मला
'काही नाही' हे उत्तर नको होतं.

तीन आठवड्यांनी निकाल आला.
शंभरपैकी चौदा.
शाळेत फ्रेंचमध्येसुद्धा मला इतके कमी नव्हते.
एकाच घराण्याने बहात्तर टक्के जागा बळकावलेली,
अमोनिया खाणारे नावापुरते,
आणि बाकीच्या रकान्यांत
शून्य, शून्य, शून्य,
आमच्या कारखान्यात ज्याला शाबासकी मिळायची ते.

समोरच्या घरात लुझविमिंडा राहते. रात्रपाळीची नर्स.
तिची टाकी सोळा वर्षांची.
मागची काच कधी पुसलेली नाही,
दगडांतून स्पंज लोंबतात, अळ्या डोकावतात,
आणि प्रवाळ असे फोफावलेत की माशांना वळायला जागा नाही.
पूर्वी मी तिथे हात खिशात ठेवून उभा राहायचो.

शेजारी विरजण मागायला जावं
तसा वाटी घेऊन गेलो.
किती हवं, तिने विचारलं.
मला माहीत नव्हतं. विरजण किती लागतं
हे दुधाच्या माणसाला माहीत असायला हवं;
पण मी विरजणाच्या विभागात कधी नव्हतो,
मी तो विभाग धुवायचो.

तिने चमचाभर चिखल दिला
आणि मुठीएवढा दगड, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून.
बाहेर उणे तीस.
कोटाची बटणं काढून मी तो शर्टाच्या आत घातला.
रस्ता ओलांडायला साठ पावलं.
छातीला खारट, थंड, किंचित कुजका वास,
आणि मधेच काहीतरी हललं.
मी ओरडलो नाही. मी हळू चाललो.

शेंबूड लगेच गेला नाही.
एप्रिलपर्यंत होता, अजून एका कोपऱ्यात आहे.
प्रवाळाची एक फांदी मेली ती मेलीच.
दुसऱ्या निकालात एकसष्ट गुण,
उच्चारता न येणाऱ्या नावांची दोन पानं,
आणि तळाशी एक ओळ :
अनोळखी, एकतीस टक्के.

बायको म्हणाली, अनोळखी म्हणजे वाईट का?
जुना मी असतो तर नळी सोडली असती.
कागद फ्रिजवर लावला,
निरोपाच्या फोटोवर, दुसरं चुंबक नव्हतं म्हणून.

लुझविमिंडाला सांगायला गेलो : चौदाचे एकसष्ट!
ती ड्यूटीवरून आली होती, बूट काढत होती.
तुझ्या टाकीला किती, मी विचारलं.
कधी बघितलं नाही, म्हणाली,
आणि माशांना खायला घालायला गेली,
हात न धुता.