हवेची रात्रपाळी

उकळू नकोस, म्हणाली मार्फा इग्नात्येव्ना,
आणि माझ्यापुढचा बर्नर विझवला,
लहान मुलाच्या हातून सुरी काढून घ्यावी तसा.

परातीत चौदा भावंडं, एका चणीची,
प्रत्येकाने तीन इलेक्ट्रॉन देऊन टाकलेले.
त्यांना वेगळं करायचं म्हणून
तिच्या आईच्या काळी आम्ल रटरटायचं इथे,
धुराड्यावर तांबूस वाफ.
तेव्हा युरेनियम होतं. सिल्लामाए नकाशावर नव्हतं.
पत्रं यायची ती एका नंबराच्या नावाने,
आणि आईचा खोकला
बाल्टिकच्या वाऱ्यावर ढकलला जायचा.

मार्फाने परात रेडिएटरवर ठेवली,
दही लागावं इतक्याच उबेला.
झाकण नाही. ढवळणं नाही.
काय घालायचं? मी विचारलं.
हवा, ती म्हणाली, आणि विणायला बसली.

पहाटे पांढऱ्या लगद्यावर पिवळट साय.
सीरियमने चौथाही दिला होता.
हवेने मागितला, एवढंच;
बाकीच्यांकडेही मागितला असणार.

मग पातळ आम्ल, थेंब थेंब,
काकड्यांच्या खारवलेल्या पाण्याहून किंचित जहाल.
तेरा जण विरघळले, गाळणीतून उतरले,
फिकट हिरवे, फिकट गुलाबी,
अजून एकमेकांचा हात न सोडता.
(त्यांना सोडवायला पुढचे सहा महिने. तो तुझा प्रश्न, केर्तू.)
वर कागदावर राहिला तो पिवळा.

तिचे तिन्ही भाऊ एक्क्याण्णव साली गेले,
दोघे प्स्कोव्हला, एक कुठे ते कळलं नाही.
तिच्याकडे राखाडी पासपोर्ट आहे,
कुठल्याच देशाचा नसलेल्यांचा.
भाषेच्या परीक्षेत ती दोनदा नापास झाली,
आणि माझं एस्टोनियन मात्र रोज दुरुस्त करते.

म्हणजे जो जास्त देतो तोच मागे राहतो,
मी म्हणाले. मला ते फार सुचल्यासारखं वाटलं होतं.

मार्फाने चष्म्यावरून पाहिलं.
मी काय सीरियम आहे?
माझ्या स्वयंपाकघरातून समुद्र दिसतो,
म्हणून राहिले.
गाळणीचे कागद संपत आलेत, ते लिहून ठेव.

नखात अडकलेलं पिवळं तिने ब्रशने घासलं,
दुसरी परात रेडिएटरवर सरकवली,
कोट चढवला.
दिवा मी मालवला.
मागे, अंधारात, हवा कामाला लागली.