बाटली दाराबाहेर

दारावर माझ्या हातची पाटी आहे :
'दुकानातली बाटली घेऊन आत येऊ नये.'
खाली कुणीतरी पेनानं विचारलंय, 'देशी चालेल का?'
मी ते पुसलं नाही. निदान वाचतात तरी.

राजारामपुरी, झेरॉक्सवाल्याच्या वरचा जिना.
उद्या इचलकरंजीत स्पर्धा,
आज रात्री अकरा पोरं चड्डीवर उभी,
हात फाकवून, बुजगावण्यासारखी,
पंख्याखाली पहिला हात वाळवत.
टेकायचं नाही, बसायचं नाही,
खाजलं तर शेजाऱ्याला सांगायचं, तोही खाजवणार नाही.

गडहिंग्लजचा प्रतीक हुक्केरी नवा आहे.
पिशवीतून बदामाच्या वासाचं लोशन काढतो.
"आईनं दिलंय. चमक येते म्हणाली."
मी बाटली उजेडात धरून बारीक अक्षरं वाचतो :
तेल, मेण, अत्तर,
आणि पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत
'सात दिवसांत उजळ'.

हसू आलं, पण हसलो नाही.
त्या माऊलीनं वीस वर्षं पोराला उन्हातून सावलीत ओढलं,
आणि मी त्याला दीड हजारात काळा करतोय.
माझ्या स्वतःच्या रंगाला
कधी कुणी दीड रुपयाही दिला नव्हता.

ऐक रे, म्हटलं,
गेल्या साली सर्फराज मुल्लाणी इथंच उभा होता.
पोटऱ्या अशा, की बाकीच्यांनी पँट घालावी.
अकरा महिने पांढऱ्या रश्श्याकडं पाठ फिरवलेला गडी,
ऐन वेळी संडासात जाऊन
दहा रुपयांच्या डबीतलं जेली छातीला चोपडून आला.
स्टेजवर दिवे लागले.
रंग निघाला गळ्यापासून बेंबीकडं,
पाणी ओसरल्यावर घाटाच्या पायऱ्यांवर
राहतात तसे पट्टे.
काखेत तर हिरवं झालं होतं, डिओमुळं.
पंचांनी मान वर केली नाही.
खाली उतरून तो मला म्हणाला, "दिसलं का हो लांबनं?"
मी म्हटलं, नाही.
त्या एका 'नाही'साठी ही पाटी लिहिली.

हे मला शिकवलं कुणी?
सुभाषनगरात आबा कातडं शिवून त्याची पखाल करायचे,
आत बाभळीची साल, हिरडा, पाणी,
आणि टांगून ठेवायचे, थेंब थेंब गळत.
वास असा, की शाळेतली पोरं माझ्याशेजारी बसायची नाहीत.
गिऱ्हाईक चप्पल घेऊन परत यायचं :
"हिला क्रीम लावली, तर फुगली की!"
आबा चप्पल नाकाशी नेत.
"कातडं पितंय मालक.
ते तहानलेलं असतंय, त्याला कळत नाही
काय प्यावं. ते आपल्याला कळाय हवं."
मग उन्हात ठेवत, पैसे न घेता, पुटपुटत.

आबांची नखं मरेपर्यंत तांबडी होती.
माझी हातमोज्यात असतात,
तरी करंगळीचं रंगतंच.

"तीन दिवस काही लावलंस?" मी प्रतीकला विचारतो.
तो खाली बघतो.
"खरं सांग."
"सकाळी. थोडं. कोपरांना."
जा, साध्या साबणानं दोनदा धू, घासून,
टॉवेल टिपायचा, ओढायचा नाही.
ये, मग आपण पहिल्यापासून.
बाकीचे दहा जण कण्हतात,
अजून तासभर उभं.

तो परत येतो, कोपरं लाल,
भिजलेल्या मांजरासारखा.
मी पाठीपासून सुरू करतो.
"मग ती बाटली?" भिंतीकडं बघून विचारतो.

खिडकीत ठेवलीय, नेताना ने.
सोमवारी रंग उतरवायला तेलच लागतं,
नुसत्या पाण्याला तो दाद देत नाही.
तेव्हा लाव हवी तेवढी.
पाठीला हात पोचायचा नाही तुझा,
आईलाच सांग.