एकसष्टावं पान

गुरुवारी संध्याकाळी सात ते सात बावीस
मी नव्या पुस्तकांविषयी बोलतो.
म्हणजे लेखक बोलतात, मी हुंकार भरतो,
कुरेसारेच्या जुन्या दूधकेंद्राच्या माडीवर,
जिथे भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे ठोकलेत
आणि हिवाळ्यात माइकलाही सर्दी होते.

बेट लहान. लेखक बोटीने येतात,
बोट चुकली तर फोनवरून.
चोवीस वर्षांत नऊशेवर पुस्तकं झाली.
त्यातली पूर्ण वाचलेली किती, हे
काचेपलीकडच्या काइडोला ठाऊक, आणि तो बोलत नाही.
मलपृष्ठ, पहिली वीस पानं, शेवटची दोन.
शितावरून भाताची परीक्षा.
अडलंच तर एक हमखास प्रश्न:
"मग पुढे त्याचं काय झालं?"
लेखकांना हा प्रश्न फार आवडतो.

लेइडा वाहेर, वय चौऱ्याऐंशी, पुस्तक पहिलंच.
बसने आली. हातमोजे घडी करून मांडीवर ठेवले.
पाणी नको म्हणाली, मग प्यायली.
मार्चमधल्या त्या पहाटेचं सांगू लागली:
ती आठ वर्षांची, दारात शिपाई,
बांधाबांधीला एक तास.
आईने शिवणयंत्राचं नुसतं डोकं उचललं,
तिने एक चमचा. का, ते अजून कळलेलं नाही.
मग ट्रक, मग बंदर, मग आगगाडी,
मग सायबेरिया,
आणि मागे गोठ्यात दाव्याला बांधलेली
तुत्ती नावाची शेळी.

शेळी अठराव्या पानावर होती.
मला आठवली, तेवढ्यावरच मी खूश.
काइडोने दोन बोटं दाखवली: दोन मिनिटं.
वेळ मारून न्यायची होती.
म्हणालो, "मग पुढे तुत्तीचं काय झालं?"

तिने माझ्याकडे पाहिलं.
मग माझ्यापुढच्या पुस्तकाकडे,
ज्याचा कणा अजून एकदाही वाकला नव्हता.
तिला कळलं.
तिला कळलं, हे मलाही कळलं.
लाल दिवा चालूच.

"शेजारची आल्मा आली," ती म्हणाली,
"तिने दावं सोडलं.
पुढे सात वर्षं दूध दिलं तुत्तीने.
द्वाड होती हो फार,
आल्माचे खिडकीचे पडदेसुद्धा खाल्ले तिने."
आणि हसली.
मीही हसलो. वेळ संपली.

जिन्यावर मी तिचा कोट धरला.
दुसरी बाही चाचपत ती म्हणाली,
"एकसष्टावं पान."
रागाने नाही,
बसचा नंबर सांगावा तसं.

घरी स्वयंपाकघरात उभ्यानेच वाचलं.
नऊ दिवस तिकडे कुणी फिरकलं नाही.
जो तो भ्यालेला, आल्मासुद्धा.
खांबावर दातांच्या खुणा होत्या,
दावं पुरेल तिथवर.
पुढचं वाक्य मी इथे लिहीत नाही.
पुस्तक दुकानात मिळतं.

सोमवारी ओरिसारेहून एका बाईचा फोन:
रेडिओवर एक, पुस्तकात भलतंच,
माझी नात रडतेय, खरं काय ते सांगा.
लेइडाला विचारून कळवतो म्हणालो.
विचारलं. पलीकडे चमचा वाजत होता,
चहा ढवळत असावी.
"पुस्तकात आहे ते घडलं," ती म्हणाली.
"रेडिओवरचं...
शहात्तर वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं मोठ्याने.
तुम्ही विचारलंत आणि आल्मा आपली चालत आली.
त्या पोरीला तेच सांगा."

या गुरुवारी भूगोलाचे एक निवृत्त मास्तर येताहेत,
दीपगृहांवरचं पुस्तक, चारशे बारा पानं.
आज मंगळवार, रात्रीचा दीड.
मी तीनशे चाळिसाव्यावर आहे.
रटाळ आहे, खोटं कशाला बोलू.
दिव्यांची उंची, भिंगांचा व्यास, रॉकेलचा हिशेब.
पण कुठल्या पानावर
कोण बांधलेलं असेल,
आधी कसं कळणार?