एकुलता मतदारसंघ

प्रांताच्या स्मरणिकेसाठी
मला एक तक्ता करायला सांगितलाय :
साल, मतदारसंघ, प्रतिनिधीचं नाव.
तीन रकाने. बास.
कॅपिटॉलच्या तळघरात एक पंखा आहे,
तो वाळवीने खाल्लेल्या वह्यांवरची धूळ
इकडची तिकडे करतो.

एकोणीसशे सात.
पहिला मतदारसंघ, दुसरा मतदारसंघ,
मध्ये रेघ म्हणून नदी.
ज्याच्याकडे जमीन आहे किंवा ज्याला
स्पॅनिश नाहीतर इंग्रजी लिहिता येतं
असा पुरुष म्हणजे मतदार.
आमच्या सान तेल्मोत असे निघाले एकोणतीस.
त्या साली वाहून गेलेल्या म्हशी एकतीस,
तेही त्याच वहीत, त्याच अक्षरात.

पणजोबा प्रोकोपियो नावाडी.
मतपेटी त्यांनीच नेली पलीकडे,
मांडीखाली गोणपाट, पेटीवर केळीचं पान,
पाणी लागू नये म्हणून.
मत नव्हतं त्यांना.
वल्हं मारायला कुठली भाषा लागते?

सदतीस साली आजीला विचारलं गेलं,
बायकांना मत हवं का.
लेओकादिया सांगायची,
मत असावं की नसावं
यावर आधी मत द्यायला लावलं बघ मेल्यांनी!
ताठ बाह्यांचा झगा इस्त्री करून
ती चार कोस चालत गेली,
आणि येताना मीठ घेऊन आली.
मिठाचा भाव तिला शेवटपर्यंत आठवत होता.
पुढच्या साली कुणाला निवडून दिलं, ते नाही.

त्रेचाळीस. जपानी अंमल.
दोन नावं. एक गव्हर्नर, पदामुळे आलेला.
दुसरा निवडून आलेला.
कोणी निवडला, हा चौथा रकाना होईल.

मग एकोणसाठ.
नदीपलीकडचं सगळं वेगळा प्रांत झालं :
मिठागरं, दीपगृह,
आणि सासरी गेलेली क्रिसांता मावशी.
दुसरा गेला तर पहिल्याने कुणापुढे पहिलं म्हणवायचं?
कायद्यात एक शब्द बदलला. पहिलाच्या जागी
एकुलता.
मावशी म्हणायची, मी जागची हलले नाही,
आणि तुमच्याकडे आले तर परप्रांतीय पाहुणी!
कोंबडं मात्र आमचंच कापायची,
आणि नळी स्वतःच्या ताटात घ्यायची.

बहात्तर ते अठ्ठ्याहत्तर
काही नाही.
सभागृहच बंद, तर कोण कुणाचा प्रतिनिधी?
त्यानंतर आम्ही एका मोठ्या विभागात मोडलो,
बारा प्रांतांत आमचा चेहरा शोधावा लागायचा.
सत्त्याऐंशीला पुन्हा एकुलते,
आणि एकुलत्याचे व्हायचे तसे लाड
एकाच घराण्याचे झाले :
बाप, मग मुलगा, मग सून,
मग बाप पुन्हा, काठी टेकत.
तक्ता करायला सोपा तेवढा हाच भाग.

लोकसंख्या वाढली. आता परत दोन होणार.
या वेळी रेघ महामार्गावरून जाते.
चर्च पहिल्यात, स्मशान दुसऱ्यात.
आमच्याकडे मेलेलेही मत देतात असं ऐकिवात आहे,
त्यांची मात्र या वेळी सोय झाली,
रस्ता ओलांडायला नको.

नकाशा करणारा पोरगा, एलाद्यो, परवा खाली आला.
जुनी नदी दाखवा म्हणाला.
मी वही उघडून बोट ठेवलं
आणि मग खिडकीतून भातखाचरं दाखवली.
तीस वर्षांपूर्वीच्या एका वादळानंतर
नदी पूर्वेला सरकलीय अर्धा मैल.
प्रोकोपियोने पेटी जिथून नेली
तिथे आता एक पेट्रोल पंप आहे.
सरहद्द अजून त्याच पंपाखालून जाते, कागदावर.
पोराने फोटो काढला. कशाचा, कळलं नाही.

स्मरणिकेचे संपादक श्रीयुत मांगुबात
रोज फोन करतात.
ते बहात्तरचं पान रिकामं दिसतंय,
वाईट दिसतं, काहीतरी भरा,
कॅपिटॉलच्या कारंज्याचं चित्र चालेल,
नाहीतर डुकरांच्या खाद्यवाल्याची जाहिरात आहेच,
पैसेही आलेत त्याचे.

मी पट्टी घेऊन रकाना नीट आखलाय,
चारी बाजूंनी.
आत काही लिहिलेलं नाही.
फोन पुन्हा वाजतोय.