पौषाचा खाडा

पौषात आमच्या घोड्यांना कुणी विचारत नाही.
लग्नं नाहीत. बँडवाला खाजामियाँ
ट्रंपेट गोधडीत गुंडाळून
हैदराबादला लेकीकडे गेलेला.
त्यात यंदा हे आभाळ.
चार दिवस झाले, कंधारला ऊन नाही,
ऐन थंडीत मन्याड गढूळ,
आणि छपरीत घोटाघोटा चिखल.

परवा पाखरीचा मागचा खूर उचलला
तर तळव्यातून कुजका वास आला.
मी काही बोललो नाही.
शमीमनंच शिलाई मशीन कोपऱ्यात सरकवलं,
बाज भिंतीला उभी केली,
टीव्हीवर चादर टाकली
आणि म्हणाली, आणा आत.

तेव्हा कळलं, अब्बांनी दार किती बुटकं बांधलंय.
मान खाली घालून आली पाखरी,
तिच्या मागं तिचं शिंगरू.
माळेगावच्या जत्रेतून न विकता परत आलेलं.
गिऱ्हाइकानं दात पाहिले, चाल पाहिली,
मग गळ्याखालचा भोवरा पाहिला
आणि पैसे पुन्हा कोपरीत घातले.
विकायचंच म्हणून नाव ठेवलं नव्हतं.
आता हाक मारायची तर जीभ अडते.

दिवसभर काम असं नाही.
हरभरा भिजवायचा, लीद काढायची,
मोरचुदाच्या पाण्यानं खूर धुवायचा.
माझी नखं निळी झालीत.
खरारा करताना तिच्या अंगातून वाफ निघते,
आरशावर बसते,
आणि शमीम त्यात तोंड न पाहताच वेणी घालते.
दुपारी मी पाखरीच्या पोटाला पाठ टेकून चहा पितो.
आत काहीतरी गुडगुडत असतं,
लांबच्या रस्त्यानं बैलगाडी जावी तसं.
बावीस वर्षं हिचा लगाम धरून पुढं चाललो.
तिच्याजवळ नुसतं बसलो असा
हा पहिलाच आठवडा.

काल रात्री पाऊस वाढला.
पत्र्यावर आधी तुरळक,
मग एका लयीत, कडक,
तापवलेल्या हलगीसारखा.
पाखरीनं पुढचा पाय उचलला.
वाटलं, दुखतंय.
मग दुसरा. मग मान कमानीसारखी,
आणि अंधारात, मशीन आणि बाजेच्या मधल्या
चार हात जागेत
ती नाचायला लागली.

बस, माय, बस, मी म्हणत होतो.
पण तिला थांबवायला शब्द कधी शिकवलाच नाही.
हलगी थांबली की थांबायचं, एवढंच.
सडक्या खुरावर भार येई तेव्हा
कातडी थरथरायची, पण ताल चुकत नव्हता.
पाठीवर कुणी नव्हतं.
शिंगरू भिंतीला चिकटून आईचं काम बघत होतं.
त्यानंही एक पाय उचलला,
कुठं ठेवायचा ते न कळून तसाच धरला.
मी तिकडं बघायचं टाळलं.

शमीम उठली. पोत्याची खोळ डोक्यावर घेतली,
शिडी लावली.
पेंडीची रिकामी पोती, कडब्याच्या पेंढ्या,
आमची जुनी गादी, सगळं पत्र्यावर.
तरी एका कोपऱ्यात वाजतच होतं.
मग खुंटीवरची वरातीची झूल,
लाल मखमल, गोटा लावलेली,
तिनंच दोन रमजान जागून शिवलेली,
तीही वर गेली.

आवाज बुजला.
पाखरीनं एकेक पाय खाली ठेवला, डावा सगळ्यात शेवटी,
आणि असा श्वास सोडला
की कंदिलाची वात हलली.

सकाळी झुलीचा रंग सुटून
भिंतीवरून लाल ओघळ उतरलेले.
समोरचे ग्यानबा येलमे छत्री धरून उभे.
लतीफभाई, पौषात वरात कुणाची?
मी म्हटलं, कुणाची नाही,
झूल वाळत घातलीय.
पाऊस पडतच होता.